लिस्बनमध्ये एकच दिवस आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लिस्बनमध्ये राहते. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून, कधी लंडन-पॅरिसमधल्या मराठी मंडळींकडून निरोप येतो तो ठरलेला: "आमच्याकडे तिथे एकच दिवस आहे, काय पाहू आणि काय खाऊ?" दर वेळी फोनवर तेच सांगते, घाईत काहीतरी सुटतं आणि मग हळहळ वाटते. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

एका दिवसात लिस्बन पाहून होतं का?

सगळं नाही होत. पण दिवसाची दोन टोकं नीट धरली तर समाधान होईल एवढं नक्की होतं. सकाळ पश्चिमेला नदीकाठच्या बेलेंमध्ये, दुपार-संध्याकाळ पूर्वेच्या टेकडीवरच्या आल्फामात, आणि मध्ये जेवणापुरता बायशा हा सपाटीवरचा भाग. बाकीचं सोडून द्या. जवळच्या सिंत्रा गावाचे राजवाडे याच दिवसात बसवायचा आग्रह काही जण धरतात. त्यात ट्रेन आणि रांगाच वाट्याला येतात आणि लिस्बनही हातचं जातं. सिंत्राला वेगळा दिवस द्या, नाहीतर पुढच्या वेळी जा.

सुरुवात किती वाजता करावी?

साडेनऊच्या आत बेलेंमध्ये असावं. काइश दु सोद्रे स्टेशनवरून कास्काइशकडे जाणारी लोकल घ्या. ती सात-आठ मिनिटांत बेलेंला सोडते, मात्र गाडी तिथे थांबते ना हे फलकावर बघून घ्या. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती गच्च भरलेली असते. स्टेशनवर नावेगांत नावाचं कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. त्यात पैसे भरले की मेट्रो, ट्राम, बस आणि लोकल सगळीकडे तेच चालतं. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही.

सोमवारी येऊ नका. बेलेंच्या जेरोनिमुश मठासकट बरीच सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. सोमवारच हाती असेल तर क्रम उलटा करा: आधी आल्फामा, आणि बेलेंमध्ये फक्त नदीकाठ व नाटा, म्हणजे इथलं कस्टर्डचं गोड.

बेलेंमध्ये नेमकं काय पाहायचं?

जेरोनिमुशचा मठ, हे पहिलं आणि खरं उत्तर. राजा मानुएल पहिला याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं काम सुरू झालं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. पैसा आला पूर्वेच्या व्यापारातून: आफ्रिका आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर होता. मलबारच्या मिरीचे दाणे इथे दगड होऊन उभे आहेत, असं मला तिथे गेल्यावर दर वेळी वाटतं. दगडात जहाजाचे दोर कोरले आहेत, गाठी आहेत, पानंफुलं आहेत. आतल्या चौकाच्या दुमजली कमानींमध्ये सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा तो फिकट दगड मधासारखा दिसतो. चौकाचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. चर्चला तिकीट लागत नाही, त्याची रांग वेगळी असते.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या दोन्ही बाजूंना दोन समाध्या आहेत. एक कवी कामोइंशची. हा माणूस १५५३ साली गोव्यात पोचला आणि पूर्वेकडे त्याची कित्येक वर्षं गेली. दुसरी वास्को द गामाची. गामा वारला कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला आणले आणि या चर्चमध्ये आले ते थेट १८८० मध्ये. त्या समाधीपाशी लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही क्षणभर थांबा. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आपण "सागरी मार्गाचा शोध" असं एका ओळीत जे पाठ केलं, त्यानंतरची साडेचारशे वर्षं कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यानं भोगली आहेत. कलाकुसरीचं कौतुक मोकळ्या मनानं करावं आणि हेही लक्षात ठेवावं.

नदीकाठी चालत गेलात की शोधयात्रांचं स्मारक लागतं. जहाजाच्या आकाराचं, ५० मीटरहून उंच, १९६० साली उभारलेलं, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीतलं. गोवा त्याच्या पुढच्याच वर्षी मुक्त झाला. त्यामुळे मला हे स्मारक सुंदर म्हणवत नाही. मावळत्या साम्राज्यानं स्वतःचा काढून घेतलेला मोठा फोटो वाटतो तो. पण त्याच्यासमोरच्या फरशीवरचा जगाचा नकाशा पाहण्यासारखा आहे. मुलांना त्यावर आपला किनारा शोधायला सांगा.

बेलेंचा बुरूज बाहेरूनच पाहा. आतले जिने अरुंद आहेत आणि रांगेत जाणारा वेळ एका दिवसाच्या पाहुण्याला परवडत नाही. बाहेरून मात्र एक गोष्ट शोधा: पुढे आलेल्या सज्जाच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. दगड झिजलाय, निरखून पाहावं लागतं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह यानं गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. युरोपात रोमन काळानंतर कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळाला. पुढे हा गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला, साखळदंडानं बांधलेला असल्यामुळे. मला त्या मुक्या जिवाचं फार वाईट वाटतं.

ते पश्टेल द नाटा खरंच एवढे चांगले असतात का? अंडं असतं का त्यात?

हो, आणि हो. अंड्याच्या पिवळ्या बलकाशिवाय तो पदार्थच होत नाही. बाहेर पापुद्र्यांची कुरकुरीत वाटी, आत मऊ कस्टर्ड, वर जागोजागी काळे डाग पडेपर्यंत प्रचंड आचेवर भाजलेलं. हे डाग म्हणजे करपणं नव्हे, चव तिथेच असते. यामागची गोष्ट अशी सांगतात की मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा, मग उरलेल्या बलकाचं करायचं काय? त्यातून पोर्तुगालभर बलकाच्या गोडांची परंपरा झाली. १८३४ मध्ये मठ बंद करण्यात आले. त्यानंतर जेरोनिमुशची कृती शेजारच्या दुकानात आली आणि १८३७ पासून तिथे पश्टैश द बेलें विकले जातात. कृती अजून गुप्त आहे. 'पश्टैश द बेलें' हे नाव फक्त त्याच दुकानाचं. बाकी शहरभर मिळतात ते पश्टेल द नाटा.

दुकानाबाहेरची लांब रांग बहुतेक वेळा बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या-पांढऱ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायला जागा मिळते. गरम असतानाच खा, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवून. सोबत बिका, म्हणजे लिस्बनची छोटी कडक कॉफी. चहावाल्या घरातल्यांना गलांव आवडतो: उंच ग्लासात बरंच दूध आणि थोडी कॉफी. दोन नाटांवर थांबावं, जेवायचं आहे अजून.

काटेकोर शाकाहारी असाल तर हेही सांगायला हवं की जुन्या पद्धतीच्या बेकऱ्यांमध्ये पापुद्र्यात कधी कधी डुकराची चरबी असते. "तें बान्या?" म्हणजे "यात चरबी आहे?" असं विचारलं की खरं सांगतात.

२८ नंबरची पिवळी ट्राम घ्यावीच का?

दुपारी अजिबात नको. मार्तीं मोनीश या तिच्या सुरुवातीच्या थांब्यावर तासभर उन्हात उभं राहायचं आणि मग गर्दीत चिरडत, खिसा सांभाळत, खिडकीबाहेरचं काहीही न दिसता जायचं, यात काय मिळतं? हौस असेल तर सकाळी आठच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाकडून, कांपू द ओरीक बाजूनं चढा. लाकडी खिडक्यांचे ते लहान डबे १९३० च्या दशकातले आहेत आणि आल्फामाच्या गल्ल्यांत भिंतीला हात लागेल इतक्या जवळून जातात. आणखी एक म्हणजे इथल्या आजी-आजोबांना बाजाराला जायला हीच ट्राम आहे. त्यांना जागा द्या.

चढ-उतार फार आहेत म्हणे. आई-बाबांना जमेल?

आहेत. सात टेकड्यांचं शहर म्हणतात ते खरं आहे. शिवाय पदपथ लहान चुनखडी दगडांचे, वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पावसात तर अंगणातल्या शेवाळासारखे घसरडे. नव्या चपला, चामड्याच्या सपाट तळाचे बूट आणू नका. रबरी तळाचे जुने, पायाला सरावलेले बूटच हवेत.

पण चढ चुकवायच्या युक्त्या आहेत. बायशातल्या रुआ दुश फांकैरुश रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून थोडं चालून गेलं की एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते. किल्ल्याची अर्धी टेकडी अशी न दमता चढता येते. ७३७ नंबरची लहान बस फिगैरा चौकातून किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. शिआदू या वरच्या भागात जायचं असेल तर बायशा-शिआदू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा, तोही चढ वाचतो.

उतारावरून चालणाऱ्या जुन्या केबल-गाड्यांवर बेत अवलंबून ठेवू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाच्या गाडीची केबल सुटून मोठा अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर शहरातल्या अशा गाड्या तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. तिथून जाणार असाल तर ते फोटो काढायचं ठिकाण समजू नका. लोक अजून फुलं ठेवतात.

मधला भाग एवढा सरळ रेषेत का? बाकी शहर तर गुंत्यासारखं आहे.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराला चर्चं भरलेली, वेदींवर मेणबत्त्या लावलेल्या. तेव्हा धरणीकंप झाला. छतं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. जीव वाचवायला लोक मोकळ्या नदीकाठी धावले आणि थोड्या वेळानं तिथे समुद्राच्या लाटा आल्या. हजारो माणसं गेली. नदीकाठचा राजवाडा गेला, पूर्वेच्या व्यापाराचा कारभार सांभाळणारी 'कासा द इंडिया'ही त्यातच गेली.

आज तुम्ही प्रासा दु कोमेर्सियु या भव्य चौकात उभे राहता ती त्याच राजवाड्याची जागा. लोक अजूनही तिला "राजवाड्याचं अंगण" अशा अर्थाच्या जुन्या नावानं, तेरैरु दु पासु म्हणून ओळखतात. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्यानं बायशा नव्यानं आखून बांधला: सरळ रस्ते, एका उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, म्हणजे जमीन हलली तरी सांगाडा उभा राहील. नमुन्याच्या इमारतीभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून तो पिंजरा तपासला, असं सांगतात. आल्फामा मात्र बऱ्यापैकी वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून मूरांच्या, म्हणजे जुन्या मुस्लिम राजवटीच्या काळासारख्या वेड्यावाकड्या आहेत.

त्या दिवसाचा घाव पाहायचा असेल तर कार्मूचा मठ पाहा. कमानी उभ्या, छत नाही, वर आभाळ. मुद्दाम तसाच ठेवला आहे. एकच तिकीट काढायचं म्हटलं तर मी किल्ल्याऐवजी हे काढेन.

मुंबई आंदण दिलेली राजकन्या लिस्बनमध्येच आहे का?

आहे, आणि मराठी माणसानं तिथे जावंच असं मला वाटतं. सांव विसेंत द फोरा हा आल्फामाच्या वरच्या अंगाचा पांढरा मठ. त्याच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांसा घराण्याच्या राजा-राण्यांच्या समाध्या आहेत. त्यात कातारीना द ब्रागांसा आहे. १६६१ च्या विवाह-करारानं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबईची बेटं मिळाली, ती हिच्या लग्नात. राजाला त्या दूरच्या दलदलीच्या बेटांचं काय करावं कळेना. १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

तिनं मुंबई कधी पाहिली नाही. परक्या दरबारात, परक्या धर्माच्या देशात तीस वर्षं काढली, मूल झालं नाही, नवऱ्यानंतर अखेर लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच गेली. ज्या लोकलच्या गर्दीत आपण वाढलो, त्या शहराचा एक धागा या शांत खोलीत येऊन थांबतो. मी गिरगावात लहानाची मोठी झाले. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा माझा कंठ दाटून आला होता.

शिवाय याच मठात निळ्या फरशांवर रंगवलेल्या फ्रेंच कवी ला फोंतेनच्या नीतिकथा आहेत: कोल्हा, कावळा, सिंह, बगळा. पंचतंत्र ऐकून वाढलेल्या मुलांना त्यातल्या काही लगेच ओळखू येतात. मग गच्चीवर जा. तेजु (टेगस) नदीचं अख्खं रुंद पात्र तिथून दिसतं. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुना बाजार भरलेला असतो.

न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आलं. फुकट असतं का?

नसतं. याला कूव्हेर म्हणतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. यात फसवणूक नाही, इथली जुनी रीत आहे. नको असेल तर हसून "नांव, ओब्रिगादु" म्हणा, घेऊन जातात. पाव मात्र ठेवून घ्या असं मी सांगेन. आपला 'पाव' याच लोकांच्या भाषेतून आला आणि इथला जाड सालीचा, आत ओलसर पाव खाल्ल्यावर कळतं की आपल्या पावानं वाटेत किती रूप बदललं.

जेवायला काय मागवावं?

दुपारी बारा ते तीन, फळ्यावर हातानं 'प्रातु दु दिया' लिहिलेलं दिसेल अशा साध्या खानावळीत शिरा. हे आपलं राइसप्लेटचं गणित: ठरलेला पदार्थ, सूप, कधी कॉफीसुद्धा, आणि बेताची किंमत. नदीकाठी फोटोंचं मेन्यूकार्ड हातात घेऊन बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून सुका बोंबील, सुकट जसं, तसंच यांचं वर्षभराचं. मासा पकडला जातो थंड उत्तरेच्या समुद्रात आणि तरी पोर्तुगालचं राष्ट्रीय अन्न हेच. पहिल्यांदा खाणाऱ्यानं 'आ ब्राश' मागवावा: बाकल्यावचा कीस, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा आणि अंडं, सगळं एकत्र परतलेलं. जूनमध्ये आलात तर कोळशावर भाजलेल्या सार्दीन, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातल्या, पावाच्या तुकड्यावर ठेवून. पावात मुरलेलं तेल ही त्यातली खरी मजा. हिवाळ्यात नका मागवू, मासा तेव्हा रोड असतो. आरोझ द मारीश्कु हा कोळंबी-शिंपल्यांचा रसदार भात दोघांत एक पुरतो. बिफाना हे पावात घातलेलं, लसूण आणि वाइनच्या रसात शिजवलेलं डुकराचं मांस. काउंटरशी उभं राहून, मोहरी लावून खायचं.

तिखटाची अपेक्षा ठेवू नका. मिरची जगभर नेली यांनी, पण स्वतःच्या पानात बेतानंच घेतली. पिरी-पिरी मागा, बाटली आणून देतात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण सावध राहावं लागतं. काल्दु व्हेर्द हे बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप निरागस दिसतं, त्यात सॉसेजची चकती असते आणि पाणीही कधी मांसाचं असतं. चकती काढून टाकली म्हणजे झालं असं समजू नका. राजम्यासारख्या घेवड्यातही तेच.

बिनधोक काय? 'सोपा द लेगुमश', म्हणजे भाज्यांचं वाटलेलं सूप, तेही एकदा विचारून. भाजलेल्या भाज्या, भात, ऑम्लेट. पैशिन्युश द ओर्ता मिळाले तर सोडू नका. नावाचा अर्थ "बागेतले छोटे मासे", आणि असते ती फरसबीची भजी! याच तळणाची रीत पोर्तुगीजांनी जपानला नेली आणि तिथे टेंपुरा झाला. चीजबद्दल एक आनंदाची गोष्ट: आझैतांव आणि सेरा द इश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची मऊ चीज प्राण्याच्या जठरातल्या रेनेटनं विरजत नाहीत, एका काटेरी झुडपाच्या जांभळ्या फुलांनी विरजतात. वरची टोपी कापून चमच्यानं काढून पावावर घ्यायची. गोडात आरोझ दोस, दालचिनीची नक्षी काढलेली घट्ट तांदळाची खीर, पण तिच्यातही बऱ्याचदा बलक असतो.

घरगुती जेवणच हवं असेल तर शहराच्या उत्तरेला लुमिआर भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे. मोझांबिकमार्गे इथे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं. तिथल्या कँटीनमध्ये डाळ-भात-शाक मिळतं. एका दिवसाच्या बेतात ते लांब पडतं. मार्तीं मोनीशच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खानावळी भरपूर आहेत, ते जवळ.

गोव्याचं जेवण मिळतं का?

मिळतं, आणि अगदी कोपऱ्यावरच्या साध्या कॅफेतही त्याची एक खूण दिसते: काचेच्या कपाटात बाकल्यावच्या वड्यांशेजारी 'शमूसा' ठेवलेला असतो. आपला समोसाच, बहुधा खिम्याचा. गोवेकरांची मोजकी उपाहारगृहं आहेत, तिथे शाकुती, सोरपोतेल, बेबिंका मिळते. लिस्बनच्या गोवेकर घरांतली शाकुती नारळाला जरा जास्त धरून असते असं माझं मत आहे. गोव्याशी असलेलं हे नातं स्वयंपाकघरापुरतं नाही. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियु कोश्ता, त्याआधी लिस्बनचे महापौर, यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं.

गोवा मुक्तिलढ्याशी जोडलेलं काही पाहता येतं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. येतं. कातेद्राल, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या अगदी जवळ आल्जूब नावाचा जुना तुरुंग आहे. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी राजकीय कैदी इथे डांबले. २५ एप्रिल २०१५ पासून ते प्रतिकाराचं संग्रहालय आहे. पलंगाएवढ्या अंधारकोठड्या पाहून बाहेर आलं की आल्फामाचं ऊन वेगळं वाटतं.

सकाळच्या बेलेंच्या लोकलमध्ये बसून तसेच पुढे गेलात तर काशियाश स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला गेला, लढ्यात उतरला, १९५५ मध्ये पकडला गेला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालच्या कोठडीतच राहिले, १९६९ पर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात केलेली धडपड आपल्या आधीच्या पिढीला आठवते. त्या स्टेशनातून समुद्र दिसतो, लोक पोहायला उतरतात. मी दर वेळी मनातल्या मनात नमस्कार करते.

आणि कार्मूच्या मठासमोरचा जाकारांदाच्या झाडांचा चौक. २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान इथल्या छावणीत शरण आला, बाहेर सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली होती. त्या क्रांतीनंतरच, १९७४ च्या अखेरीस, पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आपल्यावर राज्य करणाऱ्या राजवटीखाली इथली माणसंही भरडली गेली होती, हे त्या चौकात बसल्यावर उमगतं.

पोर्तुगीज येत नाही, अडेल का?

अडत नाही, बरेच जण इंग्रजी बोलतात. पण तुमच्याकडे शब्द आधीच आहेत. शाव्ह म्हणजे चावी, बाल्द म्हणजे बादली, बटाटा बटाटाच, कोव्ह म्हणजे कोबी, अननस अननसच, नाताल म्हणजे नाताळ. काउंटरवर "पगार" ऐकू आलं तर दचकू नका, ते पैसे देण्याबद्दल बोलताहेत. आपला महिन्याचा पगार तिथूनच आला. आभार मानताना पुरुषानं "ओब्रिगादु", बाईनं "ओब्रिगादा". 'मी आलो, मी आले' बोलणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. दुकानात शिरताना "बों दिया" म्हणा, दुपारनंतर "बोआ तार्द". न म्हणणं उद्धट मानतात.

पाकीटमार, टिप, पाणी?

पाकीटमार ट्राममध्ये आणि गर्दीच्या मिरादोरूंवर, म्हणजे शहर पाहायच्या उंच जागांवर असतात, बॅग पुढे धरा. मारहाणीची भीती सहसा नाही. टिपची सक्ती नाही, सुटे ठेवले तरी चालतं. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्या. मुक्काम केलात तर माणशी रात्रीला चार युरो शहर-कर लागतो.

कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. पण गर्दी चालणार असेल तर १२ जूनची रात्र. संत आंतोनियुचा सण, वसई-गोव्याकडचे ज्यांना सांत आंतोन म्हणतात ते मूळचे लिस्बनचेच. आल्फामाच्या गल्लीगल्लीत माळा, धूर, भाजलेले मासे, नाच. घरोघरी मांजेरीकूच्या कुंड्या दिल्या जातात. हे सब्जाच्या जातीचं बारीक पानांचं रोप, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याला नाक लावायचं नाही, तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा. तुळशीच्या घरातून आलेल्या आपल्याला ती कुंडी पाहून कसं वाटतं, ते प्रत्यक्षच अनुभवा.

रात्री फादो ऐकावा का?

जरूर. फादो म्हणजे लिस्बनचं विरहाचं गाणं. जेवणासह मोठ्या कार्यक्रमापेक्षा आल्फामा किंवा मोरारियातली लहान जागा बघा, जिथे शेजारपाजारचेच कुणी उठून गातात. दिवे मंद होतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार लागते आणि मग बोलायचं नाही, काटा-चमचा वाजवायचा नाही, फोन वर करायचा नाही. मैफलीत बसायची सवय असलेल्यांना सांगावं लागू नये. शब्द कळले नाहीत तरी विरहाचं ते ओझं पोचतं.

परतताना काय घ्यावं?

माशांचे रंगीत डबे, समुद्री मीठ, नवी हातानं रंगवलेली एखादी फरशी. जुन्या बाजारात सुट्या पुरातन फरशा स्वस्त दिसतील, त्या घेऊ नका. त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवरून रात्रीत उपटलेल्या असतात. आल्फामात फिरताना निळ्या भिंतीत मध्येच चौकोनी खळगे दिसले तर ते त्याचेच. नवी फरशी मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा.